लाल पान कुठून आणायचं?

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. पाऊस थांबून आठ-दहा दिवस झालेले, दुपारी अंगाची लाही होत होती. दुसरीत शिकणारी माझी भाची दारातूनच म्हणाली, "मावशी, मला एक लाल पान पाहिजे. सोमवारी वर्गात ऑटमवर बोलायचंय."

तिच्या हातात शाळेचा कागद होता. त्यावर लाल-केशरी पानांचं झाड, भोपळा, खार आणि गळ्याला मफलर गुंडाळलेला मुलगा. खाली दोन वाक्यं पाठ करायला दिलेली: ऑटममध्ये पानं रंग बदलून गळतात, हवा गार होते. आम्ही सोसायटीच्या आवारात उतरलो. आंबा, करंज, बहावा, देशी बदाम, सगळी झाडं पावसाने धुतलेली, हिरवीगार. लाल पान एकही नाही. मफलर तर कुणाच्या डोक्यातही आला नसता, दोघींना घाम फुटला होता. तिने सरळ विचारलं, "मग आपल्याकडे ऑटम येतच नाही का?"

चित्रं छापून तक्त्यावर चिकटवली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण सात वर्षांच्या मुलीने डोळ्यांनी पाहून विचारलेला प्रश्न असा चिकटवून झाकायचा नसतो. शनिवार आणि रविवार हातात होते.

आधी कागदावरचा ऑटम कुठला ते पाहिलं. तो अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला, बॉस्टनच्या आसपासचा, मेपलच्या जंगलातला. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून वर्षभरात दिवस लहान-मोठा होतो. एका मोसंबीतून विणकामाची सुई आरपार घातली, ती जरा तिरकी धरली आणि अंधाऱ्या खोलीत बॅटरीभोवती फिरवली. सुईचं वरचं टोक कधी उजेडाकडे झुकतं, कधी उजेडापासून दूर जातं, हे तिला लगेच दिसलं. फिरवताना सुईचा कल मात्र एकाच दिशेला ठेवायचा, तिथेच बहुतेकांची चूक होते. बॉस्टनला जूनमधला दिवस सव्वापंधरा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला जेमतेम नऊ तासांचा. पुण्यात हाच फरक तेरा आणि अकरा तासांचा. तिथे सप्टेंबरनंतर उजेड भराभर कमी होतो, पाठोपाठ गारठा येतो आणि पुढे जमीन गोठते. गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. रुंद, पातळ पानं अशा वेळी झाडाला ओझं होतात.

म्हणून झाड ती काढून टाकतं, पण आधी त्यातला माल परत घेतं. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते आणि त्याच्या जोडीची प्रथिनं मोडून झाड पानातला बराचसा नायट्रोजन फांदीत साठवतं. हिरवा रंग उतरला की खालचा पिवळा दिसू लागतो. तो कॅरोटिनॉइडचा, आणि तो नव्याने आलेला नसतो. उन्हाळाभर हिरव्याच्या आड तिथेच असतो. मेपलचा लाल रंग मात्र वेगळा. तो अँथोसायनिनचा, बहुतेक त्याच दिवसांत पानात नव्याने तयार होणारा. दिवस उन्हाचे आणि रात्री गार असल्या की तो जास्त खुलतो. निघून जाणाऱ्या पानावर झाड हा खर्च का करतं, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. माल परत घेण्याचं काम चालू असताना पानाला उन्हाच्या माऱ्यापासून जपण्यासाठी, हे एक पटण्यासारखं उत्तर.

पिवळा आधीपासून असतो, हे घरी दाखवता येतं. पालकाची दोन पानं खलबत्त्यात कुटली, त्यात मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट घातलं आणि वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. (गॅस बंद करून. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे हे काम मोठ्यांचं.) टीपकागदाची पट्टी त्यात उभी केली. तासाभराने हिरव्या पट्ट्याच्या वर एक फिकट पिवळा पट्टा आला. पालकात पिवळा लपलाय, ही बातमी तिने घरातल्या प्रत्येकाला दिली.

आता आपल्याकडचं. खरा घोटाळा भाषांतरात आहे. ऑटम म्हणजे शरद, असं आपण पाठ करतो आणि नकळत पानगळही शरदाच्या खात्यात टाकतो. पण शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. मोसमी पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. तेव्हा माती ओली असते, ऊन लख्ख असतं आणि आकाश मोकळं. झाडाला याहून चांगले दिवस कुठले? असं असताना पानं टाकायची कशाला? आपली पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि ती थंडीमुळे येत नाही, पाण्याच्या ओढीमुळे येते. पानाच्या पाठीवर असलेल्या बारीक छिद्रांतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडत असते. पावसाळा मागे पडून तीन-चार महिने झाले, वरची माती सुकली, की हा खर्च परवडत नाही. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा साग, सावर, पळस, सगळे हळूहळू उघडे पडतात. पानं गेली की खोडात पुन्हा पाणी भरू लागतं, आणि त्या जोरावर पळस आणि सावर ऐन कोरड्या दिवसांत फुलतात. बॉस्टनच्या झाडाला बर्फाची भीती, आपल्या झाडाला तहानेची. उपाय दोघांचा एकच.

तो उपाय कसा होतो, हे मला फार सुंदर वाटतं. पान वाऱ्याने तुटत नाही, झाड ते सोडतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान जोमात असतं तोवर त्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठाकडे येत राहतं आणि तो थर शांत असतो. पान थकलं की ऑक्सिन कमी होतं, इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा अंमल वाढतो आणि त्या थरातल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा लगदा विरघळू लागतो. खालच्या बाजूला बुचासारखं आवरण तयार होऊन जखम आधीच बंद होते. मग झुळूकही पुरते. मी तिला करंजाचं हिरवं पान ओढून काढून दाखवलं. देठाच्या टोकाला साल सोलून आलेली. "हे फाटलेलं. झाडाने स्वतः सोडलेलं पान असं नसतं. ते माघात बघ, तुमच्या गेटपाशी बदाम आहे ना, त्याची पानं लाल होऊन पडतात."

म्हणजे लाल पान होतं, फक्त चार महिने उशिरा. आपल्याकडे लाल रंगाची दुसरी जागा तर याच्या अगदी उलट आहे. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, पिंपळाची तांब्यासारखी चमकते, आणि मार्चमध्ये घाटातला कुसुंब नव्या पानांनी लालभडक होतो. तिकडे लाल म्हणजे निरोप, इकडे बहुधा आगमन. द्रव्य तेच, अँथोसायनिन.

पण सोमवारी वर्गात न्यायचं काय? रविवारी सकाळी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. शरदाचा रंग पाहायचा तर आपल्याकडे मान वर करून झाडाकडे पाहायचं नाही, खाली पाहायचं. पावसात कंबरेपर्यंत वाढलेलं गवत बी धरून पिवळं पडायला लागलेलं असतं. पावसाळी गवताचं वर्ष इथे संपतं. परत आलो तेव्हा भाचीचे मोजे कुसळांनी भरले होते. तिची आई वैतागली. मला मात्र लाल पानाचं उत्तर सापडलं.

कुसळी गवताचं एक कुसळ भिंगाखाली धरून पाहा. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले ताठ केस. म्हणूनच ते मोज्यात शिरतं, पण ओढून निघत नाही. मागे लांब काळपट शेपूट, सुंभासारखं पीळ दिलेलं आणि मध्येच गुडघ्यासारखं वाकलेलं. गणपतीत उरलेल्या शाडूच्या गोळ्यात बी खोचलं आणि ड्रॉपरने शेपटावर पाण्याचे दोन थेंब सोडले. काही क्षणांत वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायला लागलं. भाची श्वास रोखून पाहत होती. शेपटातले तंतू तिरके गुंडाळलेले असतात, पाणी शिरलं की फुगतात आणि पीळ सुटतो. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओलं, उन्हाने कोरडं, असं होत होत बी स्क्रूसारखं मातीत उतरतं आणि पुढच्या जूनच्या पावसाची वाट पाहतं. गवत वाळून गेलेलं असतं, कुसळात एकही जिवंत स्नायू नसतो, तरी ते चालतं.

बोलायचं काय, ते तिनेच ठरवलं. मी फक्त वाक्यं छोटी करायला सांगितली आणि शाळेची दोन वाक्यं गाळायची नाहीत, असंही. ती खरीच आहेत, फक्त कुठली ते सांगायचं. हातात वस्तू असली की या वयाची मुलं पाठांतर विसरली तरी अडत नाहीत, समोर दिसतं ते सांगत जातात. आरशासमोर तिने तीनदा म्हणून पाहिलं: "अमेरिकेत ऑटममध्ये पानं लाल होतात, कारण थंडी येते. आपल्याकडे शरदात पानं हिरवी असतात, गवत पिवळं होतं. आपली पानं नंतर पडतात, पाणी कमी झालं की. आता मी कुसळ फिरवून दाखवते."

तिच्या आईला धाकधूक होती, बाईंना हे चालेल का. बाईंनी कुसळ तीन वेळा फिरवायला लावलं आणि उरलेली सगळी मुलांत वाटून टाकली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी भाचीने माझ्या तळहातावर बदामाचं पान ठेवलं. तळव्यापेक्षा मोठं, गर्द लाल, शिरांजवळ अजून थोडं पिवळं. रंगाबद्दल ती काहीच बोलली नाही. पान उलटं करून देठाचं टोक माझ्या डोळ्यांजवळ आणलं आणि म्हणाली, "बघ, कुठेच फाटलेलं नाही."