हिवताप आणि देहगंध

हिवतापाचा परजीवी रक्तात असताना माणसाच्या अंगाच्या वासात होणारा आणि डासांना अधिक ओढून आणणारा बदल. 'ह्याचं रक्त गोड, म्हणून ह्यालाच चावतात' असे रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी हमखास ऐकू येते. पण डासाची मादी येते ती श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि कातडीवरचे जीवाणू घामापासून बनवतात त्या वासांच्या मागावर; गोडीचा इथे संबंध नाही.

पश्चिम केनियातील मुलांवर केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात परजीवीच्या जननपेशी होत्या, त्या मुलांकडे इतरांच्या सुमारे दुप्पट डास वळले. परजीवी होता पण जननपेशी नव्हत्या, अशी मुले मात्र निरोगी मुलांसारखीच ठरली, आणि औषध दिल्यावर तर फरकच उरला नाही. डासाच्या पोटात जाऊन वाढू शकतात त्या फक्त जननपेशी; वास खुलतो तो नेमका त्याच वेळी. त्यातही जननपेशी बाळगणाऱ्या अनेकांना ताप नसतो, ती माणसे कामावर असतात. पुढे २०१७ मध्ये दिसले, की परजीवी सोडतो त्या एका संयुगामुळे तांबड्या पेशींतून कार्बन डायऑक्साइड, अल्डिहाइडे आणि टर्पीने ही वासाची द्रव्ये जास्त बाहेर पडतात. गांबियातील मुलांच्या मोज्यांवरून बाधा हुंगायला कुत्र्यांनाही शिकवले गेले. (कोल्हापुरी पायतान घालणाऱ्यांची इथे पंचाईत.)

हे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावू नयेत. ते मुख्यतः फाल्सिपेरम परजीवी आणि आफ्रिकेतला ॲनाफिलीस गांबिए यांच्यावरचे आहेत. तो डास भारतात नाही. आपल्याकडे शहरात स्टीफेन्सी आणि खेड्यात क्युलिसिफेसीस हे ॲनाफिलीसचेच प्रकार वाहक, शिवाय व्हायवॅक्स या परजीवीच्या दुसऱ्या जातीचाही हिवताप असतो. कोल्हापुरातल्या जयंती नाल्यासारख्या सांडपाण्यावर घोंघावतो तो बहुधा क्युलेक्स डास, त्याचा हिवतापाशी संबंध नाही. स्टीफेन्सी वाढतो गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बॅरलमध्ये, म्हणजे झोपलेल्या माणसापासून हाकेच्या अंतरावर.

व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून राहतात, म्हणून त्यावर प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस देतात. ताप उतरला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्या सोडणारे पुष्कळ. अशांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरू शकते, आणि जननपेशीही पुन्हा रक्तात येतात.