पट्टी संपली की नेमके काय संपते?

ऐरोलीतल्या माझ्या एका शेजारणीने गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्याच आठवड्यात, अकरा वर्षांच्या मुलाच्या गोळ्यांसाठी ऐरोली, घणसोली, वाशी पालथी घातली आणि शेवटी ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्याचा नौपाडा गाठला. बहुतेक मेडिकलमध्ये "ही आम्ही ठेवतच नाही" असे उत्तर मिळाले, आणि जिथे ती ठेवत होते तिथे "वरूनच माल आलेला नाही" असे. मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे कठीण जाणारी अवस्था, आहे आणि त्यावरची गोळी मिथाइलफेनिडेट या औषधाची. तापाची गोळी एका दुकानात नसली तर पलीकडच्या दुकानात मिळते, ही का मिळत नाही, याचे कारण कायद्यात आहे.

मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध असल्याने त्याचा गैरवापर होऊ शकतो. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याची गणना नियंत्रित द्रव्यांत झाली, आणि आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या शेड्यूल एक्समध्ये त्याचा समावेश आहे. ते विकण्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलूपबंद कपाटात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी लागते आणि त्यातील एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. महिन्याला मोजक्या पट्ट्या खपणार असतील तर लहान दुकानदार या भानगडीत पडत नाही, यात त्याचा दोष काढता येत नाही. दुकाने मुळातच थोडी असल्यामुळे पुरवठ्यात जरा खंड पडला तरी रुग्णाला तो लगेच जाणवतो. असे खंड श्रीमंत देशांतही पडतात: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्यांचा, म्हणजे एडीएचडीवरच्याच आणखी एका उत्तेजक औषधाचा, तुटवडा जाहीर केला, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एडीएचडीच्या अनेक औषधांबाबत तशीच सूचना निघाली.

"गोळ्या संपल्या" हे वाक्य मात्र प्रत्येक घरात सारख्याच अर्थाचे नसते. कोणती गोळी संपली, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

मेंदूच्या पुढच्या भागातील पेशी डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांच्या साहाय्याने कामाचा संदेश आजूबाजूच्या गोंगाटातून वेगळा काढतात. ठाणे स्थानकातल्या कल्लोळात आपल्याच गाडीची घोषणा नेमकी कानावर पडावी, तसे ते काम आहे. पेशीने सोडलेली ही रसायने परत आत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनांना मिथाइलफेनिडेट अडवते, त्यामुळे रसायने थोडा अधिक वेळ बाहेर राहतात. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, मंद गतीने विरघळणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. हे औषध शरीरात साठत नाही, म्हणून गोळी चुकली की त्याच दिवशी जुनी लक्षणे परततात, आणि गोळी पुन्हा मिळाली की त्याच दिवशी काम करू लागते. काही मुलांना सुट्टीच्या दिवशी गोळी न देण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात, तो याच गुणधर्माच्या आधारावर. उरलेल्या दहा गोळ्या परीक्षेच्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात का, हा प्रश्न म्हणूनच डॉक्टरांना विचारण्याजोगा आहे.

अ‍ॅटोमोक्सेटीनचे गणित वेगळे आहे. एडीएचडीवरचे हे दुसरे औषध उत्तेजक नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ते एक दिवसाआड घेऊन पुरवण्यात अर्थ नसतो, आणि मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना मात्रा पायरीपायरीने वाढवावी लागू शकते. तिसरे औषध क्लोनिडीन, जे मुळात रक्तदाबाचे आहे. ते एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळून वर जाऊ शकतो. माझ्या मते या तिघांपैकी खरी घाई क्लोनिडीन संपत आल्यावर करावी. पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच डॉक्टरांना फोन गेला पाहिजे.

तुटवड्यात घरोघरी सुचणारा एक उपाय मात्र घातक आहे: मोठी गोळी फोडून दोन दिवस पुरवणे. मिथाइलफेनिडेटच्या मंद गतीच्या एका प्रकारच्या गोळीत औषधाचा सुमारे २२ टक्के भाग बाहेरच्या थरात असतो आणि उरलेला भाग आतील रचना दिवसभर हळूहळू बाहेर ढकलते. ती चावली किंवा फोडली की दिवसभराची मात्रा एकदम सुटते. मिलिग्रॅमचे आकडे पाहून स्वतःच बदली गोळी ठरवणेही चुकीचे आहे, कारण अशा १८ मिलिग्रॅमच्या एका गोळीची बरोबरी साध्या ५ मिलिग्रॅमच्या, दिवसातून तीन वेळा घेतलेल्या गोळ्यांशी केली जाते. मात्र ही तुलना डॉक्टरांना उपयोगी पडते, कारण मंद गतीची गोळी बाजारात नसताना साधी मिळत असेल तर ते चिठ्ठी बदलून देऊ शकतात. चहा-कॉफी हा पर्याय नव्हे. कॅफीन वेगळ्याच, झोप आणणाऱ्या ॲडेनोसिन या रसायनाच्या ग्राहींवर (पेशीवरच्या ते पकडणाऱ्या जागांवर) काम करते आणि संध्याकाळी घेतल्यास झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या मुलाचे लक्ष आणखीच उडते.

औषध नसलेल्या आठवड्यांत मेंदूचे काही काम घराने आणि शाळेने उचलावे लागते. शेजारणीने वर्गशिक्षिकेला स्पष्ट सांगून मुलाला पहिल्या बाकावर बसवून घेतले, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले, समोर काट्यांचे घड्याळ ठेवले आणि एका वेळी एकच सूचना देण्याचा नियम केला. अभ्यासापूर्वी अर्धा तास तो सोसायटीच्या आवारात सायकल चालवत असे. व्यायामानंतर काही काळ लक्ष सुधारते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रौढ रुग्णांनी या काळात घोडबंदर रस्त्यावर दुचाकी चालवणे शक्यतो टाळून बस पकडावी, कारण रहदारीत क्षणभर लक्ष उडणे महागात पडते.

तिने आणखी एक केले: गोळीविना गेलेल्या प्रत्येक दिवसाची दोन ओळींची नोंद ठेवली. नऊ दिवसांनी नौपाड्यातल्या दुकानातून माल आल्याचा फोन आला, तेव्हा ती चिठ्ठीच्या दोन्ही प्रती आणि ती वही घेऊन निघाली. वही आधी डॉक्टरांना दाखवायची होती.