एमबीएला जायचंय? आधी दाखला बघा

एमबीए करायचं ठरवलेली मुलं महिनोन्‌महिने सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करतात. दाखल्यांची आठवण निकालानंतर होते आणि तोवर सेतू केंद्रात गर्दी झालेली असते. म्हणून कागदांचं आधी सांगतो.

आज घरी शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि जन्मस्थळ वाचा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात आईचं माहेर बऱ्याचदा इंडी नाहीतर आळंदकडचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. मग दाखल्यावर जन्मगाव कर्नाटकातलं लागतं. सगळं शिक्षण सोलापुरात झालेलं असलं, तरी अशा वेळी महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र हवंच. त्याचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतूत आजही करता येतो.

ओबीसी असाल तर जातीचा दाखला, जात वैधता (पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) आणि नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला) ही तिन्ही लागतात. यातली वैधता सर्वात वेळखाऊ, तिथूनच सुरुवात करा. नॉन-क्रिमीलेअरची मुदतही पाहा: २०२६-२७ च्या प्रवेशाला ती ३१ मार्च २०२७ पर्यंत हवी. दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका तर लागतातच.

पात्रता सोपी आहे. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी, ५० टक्के गुण. राज्यातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. शेवटच्या वर्षाला असलेलेही सीईटी देऊ शकतात. पेपर इंग्रजीतून, २०० प्रश्न, १५० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजून बसू नका. निकालानंतर कॅपसाठी, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, कागदांची पडताळणी आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं, तर पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. तेव्हा पहिलं नाव घरच्यांशी बोलून, फी आणि जाण्यायेण्याचा हिशेब करूनच टाका.

फी सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतंत्र अर्ज असतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. चादरीच्या कारखान्यात किंवा विडीवर घर चालवणाऱ्या आईबापांपर्यंत ही गोष्ट पोहोचवा. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.