उच्चारभेद आणि पर्यायी नाव: बोलून चालणाऱ्या फोन डिरेक्टरीतील दोन वेगळ्या नोंदी

मोठ्या कंपनीच्या, विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर फोन लावला की अनेक ठिकाणी ऑपरेटरऐवजी यंत्र बोलते आणि ज्यांच्याशी बोलायचे आहे त्यांचे नाव विचारते. नाव ओळखता आले तर कॉल थेट त्या एक्स्टेन्शनवर जातो. या सोयीमागे नावांच्या उच्चारांचा एक डेटाबेस असतो, आणि तो सांभाळणाऱ्याकडे बहुतेक तक्रारी एकाच स्वरूपाच्या येतात: अमुक नाव कितीही वेळा घेतले तरी यंत्राला कळत नाही. त्यावर उपाय म्हणून त्या नावाखाली आणखी एक रूप नोंदवले जाते. हे रूप दोन प्रकारचे असू शकते. त्याच नावाचा दुसरा उच्चार असेल तर तो उच्चारभेद, आणि त्याच व्यक्तीचे दुसरे नाव असेल तर ते पर्यायी नाव. दोन्हींमुळे अडलेला कॉल लागू लागतो, म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकण्याची सवय लागते. आणि डेटाबेस हळूहळू भरवशाचा राहत नाही तो नेमका या सवयीमुळे.

उच्चारभेद कुठून येतो ते आधी पाहू. महाराष्ट्रातल्या कार्यालयांतही कर्मचाऱ्यांची यादी बहुधा रोमन लिपीत असते, कारण ती ईमेलच्या किंवा पगाराच्या यादीवरून उचललेली असते. बोलणे ओळखणारे इंजिन (म्हणजे यंत्राची ऐकणारी संगणक-प्रणाली) इंग्रजीचे असेल तर ते अक्षरांवरून उच्चार काढताना इंग्रजीचेच नियम लावते. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा ‘ई’ सहसा उच्चारला जात नाही आणि आधीचा स्वर मात्र बदलतो. मराठी आडनावांत तोच ‘ई’ पूर्ण एकार असतो. परिणामी मोरे यांचे ‘मोअर’, माने यांचे ‘मेन’, दाते यांचे ‘डेट’, साने यांचे ‘सेन’ आणि काळे यांचे ‘केल’ होते. फोन करणारा स्वच्छ ‘साने’ म्हणतो, यंत्र ‘सेन’ची वाट पाहत असते आणि कॉल अडतो. इथे त्या व्यक्तीला दुसरे कोणतेही नाव नाही. नाव एकच आहे, फक्त यंत्राजवळ त्याचा उच्चार चुकीचा आहे आणि तो ध्वनिलिपीत नीट लिहून द्यायला हवा.

ही ध्वनिलिपीही जिच्यासाठी तयार झाली त्या भाषेपुरतीच असते. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा प्रसिद्ध उच्चारकोश उत्तर अमेरिकेतील इंग्रजीचा आहे आणि तो 39 ध्वनींवर चालतो. त्या 39 ध्वनींत ळ नाही, ण नाही, त आणि ट असा भेद नाही, ध-भ यांसारखे महाप्राण नाहीत. त्यामुळे काळे ‘काले’ म्हणून लिहावे लागते, आणि साठे व साते यांच्यात फरक ठेवता येत नाही. चव्हाण आणि जाधव यांतील दंततालव्य च आणि ज इंग्रजीच्या ‘च’ आणि ‘ज’ने लिहिले की नाव परके वाटते, त्याऐवजी ‘ट’ आणि ‘स’, तसेच ‘ड’ आणि ‘झ’ हे ध्वनी जोडून लिहिले तर मराठी उच्चाराच्या बरेच जवळ जाता येते. असे काम करणाऱ्याला मराठी कानाने ऐकता आलेच पाहिजे. केवळ स्पेलिंगकडे पाहून ते होत नाही, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रज्ञा या नावाकडे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. मराठी माणूस ते ‘प्रद्न्या’ असे उच्चारतो आणि रोमन लिपीत डी-एन-वाय वापरून लिहितो. हिंदी भाषक तेच नाव ‘प्रग्या’ असे घेतो, गुजराती भाषकाच्या तोंडी ‘ग्न’च्या जवळ जाणारा उच्चार येतो, आणि ज्याने हे नाव कधी ऐकलेलेच नाही असा परदेशी सहकारी कार्डावर वाचून ‘प्रॅड-निया’ म्हणतो. इंजिनने स्वतःच्या नियमांनी काढलेला उच्चारही बहुधा या शेवटच्या रूपाच्या आसपास असतो. प्रज्ञा एकच, पण तिला फोन करणारे चार प्रांतांचे आणि दोन खंडांचे. हे चारही उच्चारभेद नोंदवणे योग्य आहे, कारण ते सगळे त्याच लिखित नावाचे वेगवेगळ्या तोंडांतून झालेले वाचन आहे.

आता पर्यायी नावाकडे वळू. कागदोपत्री दत्तात्रय असलेल्या गृहस्थांना सगळा विभाग ‘अप्पा’ म्हणतो. कोणी आद्याक्षरांनी ‘व्ही. एस.’ म्हणून ओळखले जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंना जुने ग्राहक अजून माहेरच्या आडनावाने विचारतात. ‘अप्पा’ हा ‘दत्तात्रय’चा उच्चार नव्हे, कोणत्याही भाषेचा माणूस दत्तात्रय वाचून अप्पा म्हणणार नाही. दोन्हींमधला भेद ओळखायला म्हणूनच एक कसोटी पुरते: ज्याला ती व्यक्ती अजिबात माहीत नाही, ज्याच्या हातात फक्त तिचे व्हिजिटिंग कार्ड आहे, तो हे रूप उच्चारू शकेल का? उच्चारू शकत असेल तर तो उच्चारभेद आहे. त्यासाठी त्या व्यक्तीची ओळख असावी लागत असेल तर ते पर्यायी नाव आहे.

या एका फरकातून नोंद कुठे ठेवायची आणि ती कोण देऊ शकतो, हे दोन्ही ठरते. उच्चारभेद शब्दाला चिकटलेला असतो. ‘माने’ या आडनावाचा उच्चार एकदा नीट लिहिला की यादीतले सगळे माने एकदम ओळखले जातात, पुढच्या वर्षी रुजू होणारेसुद्धा. माने नावाच्या प्रत्येक कर्मचाऱ्याखाली तो वेगळा लिहीत बसणे हा वाया जाणारा वेळ आहे. अडलेल्या कॉलच्या नोंदी तपासून किंवा ऑपरेटरला विचारून भाषेचा जाणकार तो बसल्या जागी ठरवू शकतो. पर्यायी नाव मात्र व्यक्तीला चिकटलेले असते. ते त्या व्यक्तीने स्वतः द्यायचे, निदान तिला विचारून नोंदवायचे, आणि ती नोकरी सोडून गेली की त्याच दिवशी काढून टाकायचे. सहकारी आपसांत जे नाव घेतात ते बाहेरच्या ग्राहकाने घ्यावे असे प्रत्येकाला वाटत नाही, आणि ती मुभा द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क डेटाबेस सांभाळणाऱ्याचा नाही.

शब्दाला चिकटलेल्या उच्चाराला एक अपवाद मात्र आहे, आणि परदेशी कार्यालये असलेल्या संस्थांत तो वारंवार समोर येतो. के-ए-एन-ई हे स्पेलिंग पुण्यातल्या काणे यांचेही असते आणि लंडनमधल्या केन यांचेही. गोरे आणि इंग्रज ‘गोर’ यांचेही तसेच. ओळखण्यापुरते दोन्ही उच्चार एकाच शब्दाखाली ठेवले तर बिघडत नाही, उलट कार्ड वाचून बोलणाऱ्याची सोय होते. पण यंत्राने कोणाला काणे म्हणायचे आणि कोणाला केन, हे शब्दावरून कळत नाही. ते व्यक्तीच्या नोंदीतच लिहावे लागते. रोमन स्पेलिंगमध्ये राणे आणि राने हा भेदही असाच पुसला जातो.

आता यंत्राच्या बोलण्याच्या बाजूकडे येऊ. कॉल जोडण्याआधी यंत्र नाव परत म्हणून खात्री करून घेते. ऐकण्यासाठी अनेक उच्चार मान्य असले तरी बोलताना एकच निवडावा लागतो. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ऑक्टोबर 2008 मध्ये उच्चारकोशासाठी जे मानक मंजूर केले त्यात ही गोष्ट नेमकी मांडलेली आहे. एका शब्दाखाली कितीही उच्चार लिहिता येतात. ओळखणारे इंजिन ते सगळे समान धरते, तर बोलणारे इंजिन पसंतीची खूण असलेला उच्चार घेते आणि तशी खूण नसेल तर यादीतला पहिला घेते. म्हणजे प्रज्ञाच्या चार उच्चारांत ‘प्रद्न्या’ वर ठेवले नाही किंवा त्याला खूण केली नाही, तर यंत्र तिच्या आईलाही तिचे नाव ‘प्रॅड-निया’ असे ऐकवील. पर्यायी नावाच्या बाबतीत नियम याहून कडक हवा: ते फक्त ऐकायचे, बोलायचे नाही. कोणी ‘अप्पा’ मागितले तरी यंत्राने पूर्ण, औपचारिक नावच परत म्हणावे. पर्यायी नाव चुकून उच्चारभेदांच्या रकान्यात गेलेले असले, तर दत्तात्रयांचे नाव परत म्हणताना यंत्र परक्या ग्राहकाला ‘अप्पा’ म्हणून दाखवू शकते, आणि ते कोणालाही आवडणार नाही.

याच मानकात ‘अलायस’ नावाचा एक घटक आहे आणि तो नावामुळे फसवतो. शब्दशः पाहिले तर पर्यायी नावे तिथेच ठेवावीत असे वाटते. प्रत्यक्षात तो संक्षेपाचा उच्चार सांगण्यासाठी आहे, म्हणजे ‘डॉ.’ दिसले की ‘डॉक्टर’ म्हणावे एवढ्यासाठी. व्यक्तीच्या दुसऱ्या नावाशी त्याचा संबंध नाही.

तयार प्रणालीही या बाबतीत सारख्या नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या ईमेल सर्व्हरमध्ये 2007 च्या आवृत्तीपासून आवाजावर चालणारी डिरेक्टरी होती आणि 2019 च्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. तिच्यात नावाचे स्पेलिंग आणि उच्चार जुळत नसतील तेव्हा उच्चाराप्रमाणे केलेले स्पेलिंग लिहायला वेगळा रकाना होता, आणि शिवाय कर्मचारी स्वतःच्या आवाजात आपले नाव रेकॉर्ड करून ठेवू शकत असे. सिस्कोच्या युनिटी कनेक्शन या व्हॉइसमेल प्रणालीमध्ये ‘पर्यायी नावे’ हा एक रकाना असतो. टोपणनाव किंवा माहेरचे नावही तिथेच आणि उच्चाराप्रमाणे केलेले स्पेलिंगही तिथेच. असा एकच रकाना वाट्याला आला असेल तर प्रत्येक रूप कोणत्या प्रकारचे आहे, कोणी दिले आणि कधी, याची स्वतंत्र वही किंवा तक्ता ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर दोन वर्षांनी कोणती नोंद काढली तर चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. आणि जिथे आवाज रेकॉर्ड करण्याची सोय आहे तिथे ती प्रत्येकाने वापरावी. काणे आणि केन यांचा प्रश्न बोलण्यापुरता तिथेच संपतो.

दोन्हींची किंमतही वेगवेगळ्या जागी मोजावी लागते. उच्चारभेद वाढवत गेलो की ध्वनी एकमेकांवर चढतात. माने यांच्याखाली ‘मेन’ हा उच्चार राहू दिला तर ‘मेन मेन्यू’ ही आज्ञा आणि ते आडनाव यांत यंत्राचा गोंधळ होऊ लागतो. मोरे यांच्या ‘मोअर’चे ‘मोअर ऑप्शन्स’शी तेच होते. आखूड आडनावांना हा धोका सर्वांत जास्त, म्हणून त्यांच्याखाली पूर्ण नावासहच उच्चारभेद चालू ठेवावा आणि जो उच्चार कित्येक महिने कोणी वापरलाच नाही तो काढावा. पर्यायी नावांनी होणारा गोंधळ ध्वनीचा नसतो, अर्थाचा असतो. यंत्राने ‘अप्पा’ अगदी अचूक ऐकले, पण संस्थेत अप्पा चार आहेत. तिथे उच्चार सुधारून उपयोग नाही. कोणत्या विभागातले अप्पा, असा प्रश्न यंत्राने विचारायला हवा.

‘कुलकर्णी साहेब’, ‘देशमुख मॅडम’, ‘पाटील सर’ यांचे काय, असे लगेच कोणी विचारील. मराठी माणूस वरिष्ठांचे नुसते आडनाव घेत नाही, त्यामुळे असे कॉल भरपूर असतात. पण ही पर्यायी नावेही नव्हेत आणि उच्चारभेद तर नव्हेतच. साहेब, सर, मॅडम, ताई, भाऊ हे शब्द कोणत्याही आडनावामागे येऊ शकतात, म्हणून ते एकेका व्यक्तीखाली न लिहिता ओळखीच्या व्याकरणात (म्हणजे यंत्राने कोणते शब्द कोणत्या क्रमाने ऐकायचे या नियमांत) ऐच्छिक शब्द म्हणून एकदाच लिहावेत. त्याच कन्सॉर्शियमच्या 2004 च्या, अशा व्याकरणासाठीच्या मानकात ‘शून्य किंवा एकदा’ अशी सोय त्यासाठी आहे. ‘मॅडम’वरून देशमुखांची यादी थोडी लहान करता येते, एवढाच त्यांचा वेगळा उपयोग.

ज्या नोंदीत दोन्ही बाजू एकदम हलवाव्या लागतात ती म्हणजे लग्नानंतर बदललेले आडनाव. समजा साने यांचे आडनाव जाधव झाले. जाधव हे आता औपचारिक नाव, यंत्राने तेच म्हणायचे. साने हे त्यांना हवे असेल तर पर्यायी नाव म्हणून त्यांच्या वैयक्तिक नोंदीत जाते. पण ‘साने’ या शब्दाचा नीट लिहिलेला उच्चार शब्दांच्या कोशात तसाच ठेवावा लागतो. तो आता कोणाच्याच औपचारिक आडनावाला लागत नाही म्हणून साफसफाईत उडवला, तर इंजिन पुन्हा ‘सेन’वर येते आणि त्यांचे जुने ग्राहक पुन्हा अडतात. म्हणून कोशातला शब्द काढण्याआधी औपचारिक नावांच्या यादीबरोबर पर्यायी नावांच्या यादीतही तो शोधावा, आणि दोन्हीकडे सापडला नाही तरच काढावा.