क्रॉनला सोपवलेलं काम

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असं त्याला वाटत होतं. तो होता मुख्य सर्व्हरवर. चूक ध्यानात येऊन त्याने लगेच कमांड थांबवली, पण तेवढ्यात सुमारे ३०० जीबी डेटा गेला.

हाताने कामं करताना हे होतंच. रात्र चढते, डोळे जड होतात, दोन सारख्या दिसणाऱ्या खिडक्यांत गल्लत होते. मग आपण म्हणतो, रोजचं काम मशीनवर टाका. पण त्याच रात्री बॅकअपची जागा उघडून पाहिली तर ती रिकामी! आपोआप होणारा बॅकअप, त्याच्या प्रोग्रॅमची आणि डेटाबेसची आवृत्ती न जुळल्यामुळे फसत होता आणि ते कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी कामी आली ती चाचणीसाठी सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत.

मशीनवर टाकलेली अशी कामं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर क्रॉन सांभाळतो. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम; तो दर मिनिटाला आपली कामांची यादी बघतो. ‘३० २ * * *’ (आधी मिनिट, मग तास; तारे म्हणजे रोज) लिहिलं की रोज रात्री अडीचला काम सुरू. आधीच्या दिवशीचं काम अजून चालू आहे का, हे तो विचारत नाही. मशीन बंद असेल तर साधा क्रॉन ती वेळ सोडून देतो. शिवाय तुमच्या टर्मिनलमधल्या सेटिंग त्याच्याकडे नसतात, त्यामुळे ‘मी चालवलं तर चालतं, क्रॉनमध्ये नाही’ ही तक्रार नेहमीची. बहुतेकदा प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ, म्हणजे मशीनवरचा त्याचा पूर्ण पत्ता, दिला की ती मिटते.

म्हणून काम क्रॉनला देण्याआधी मी एक प्रश्न विचारतोच: हे चुकून दोनदा चाललं तर काय? रिपोर्ट दोनदा तयार झाला तर काही बिघडत नाही. ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा कापले गेले तर मात्र निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. डेटा पुसणं, एकदाच करायचे मोठे बदल, ही कामं माणसानेच समोर बसून करावीत; पण कमांड आठवून टाइप न करता, आधी तपासलेल्या स्क्रिप्टने.

आणि बिघाडाच्या ईमेलवर विसंबू नका. काम नीट झालं की त्याने दुसऱ्या मशीनकडे हजेरी लावावी. ठरल्या वेळेत हजेरी आली नाही, तर त्या मशीनने माणसाला उठवावं.