पणत्या विझताना मोजलेलं वय

त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात दिव्यांनी सजवलेल्या होड्या सोडतात. वर चंद्र असतो कृत्तिकांच्या आसपास, म्हणून तर महिना कार्तिक. पण त्याच्या उजेडात बिचाऱ्या कृत्तिका धड दिसत नाहीत. आठवडाभर थांबून संध्याकाळी अंजुणे धरणाच्या काळोखात गेलं, की पूर्वेला सहा-सात ताऱ्यांचा झुबका सहज मोजता येतो. तिथे खरे तारे हजाराहून जास्त, अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं.

त्यांचं वय कसं काढायचं? समजा, एकाच वेळी शंभर पणत्या लावल्या. मोठ्या पणतीत तेल जास्त, पण वात एवढी जाड की तीच आधी विझते. ताऱ्यांचंही तसंच. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो; सूर्याला हजार कोटी पुरतात. पुंजक्यातले तारे एकाच ढगातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले. मग कोणत्या पणत्या विझल्या ते पाहायचं, बस्स.

त्यासाठी प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि तेज मोजून आलेख काढतात. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ साली असे आलेख छापले, ते कृत्तिका आणि शेजारच्या हायडीज पुंजक्याचेच. कृत्तिकांत निळे, तापट, म्हणजे जास्त वस्तुमानाचे तारे अजून तेवताहेत, म्हणून वय दहा-बारा कोटी वर्षं. हायडीजमधले तसे तारे केव्हाच संपले. त्याचं वय साठ-सत्तर कोटींच्या घरात.

खरी मेहनत मात्र आधीची: पुंजक्यातला कोण आणि वाटेत आलेला उपरा कोण? हायडीजच्या घोळक्यात लालसर रोहिणी ठळक दिसते, पण ती त्यातली नव्हेच. ती ६५ प्रकाशवर्षांवर, घोळका दीडशेवर. अंतर आणि आकाशातली सरक, दोन्ही जुळली तरच तारा घरचा. २०१३ साली अवकाशात गेलेल्या गाया दुर्बिणीने अब्जाहून अधिक ताऱ्यांची ही मोजदाद केली आणि २०१९ मध्ये त्यातूनच हायडीजच्या शेपट्या सापडल्या. आकाशगंगेच्या ओढीने निसटलेले तारे पुंजक्याच्या पुढे-मागे लांबवर पांगले होते, पाण्यावर होड्या पांगतात तसे.

कृत्तिकाही पांगणार. अंदाज आहे सुमारे २५ कोटी वर्षांचा.