साबणाला वीस सेकंद का द्यायची?

१८४७ साली व्हिएन्नातल्या एका मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर एका कोड्याने बेचैन झाला होता. प्रसूतीचे दोन कक्ष होते. सुइणींच्या कक्षात बाळंतिणी कमी दगावत, डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या कक्षात कितीतरी जास्त. हे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. सेमेलवाइसने त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी जात होत्या, उन्हाळ्यात हा आकडा दोनच्या आसपास आला. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं!

आपल्याकडे तर साबण आहे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. हातावर कायम एक तेलकट थर असतो आणि जंतू त्यात चिकटून बसतात. नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. साबणाची तेलाकडे ओढली जाणारी टोकं मात्र थरात घुसतात, त्याचे बारीक कण करतात आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंचं तर बाहेरचं आवरणच स्निग्ध असतं. साबण ते फाडून टाकतो. पण या कामाला वेळ लागतो, चोळावंही लागतं, म्हणून किमान २० सेकंद. घाईत बोटांची टोकं आणि अंगठे हमखास राहतात.

उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरला तो सहसा दाद देत नाही. घरात कुणाला असा त्रास होत असेल तर बाटलीवर विसंबू नका, साबण-पाणीच वापरा. पाणी गार असलं तरी चालतं. ‘जंतुनाशक’ लिहिलेला महागडा साबणही लागत नाही. ट्रायक्लोसानसारखी द्रव्यं साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेने २०१६ मध्ये अशा साबणांतून ती वगळायला लावली.

धुतल्यावर हात कोरडे करणं बरेच जण विसरतात. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात.

शौचानंतर, लंगोट बदलल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी हात धुवायलाच हवेत. एवढ्याने जुलाबाचे आजार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतात, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा लहान मुलांना होतो. तान्ह्या बाळाला स्वतःचे हात धुता येत नाहीत, अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही नाही. त्यांच्यासाठी धुवायचे ते आपले हात, त्यांना उचलण्याआधी आणि भरवण्याआधी.